फोन बंद ठेवता येत नाही, मग काम कसं उरकायचं?

गुहागर तालुक्यातून एका मुलीनं विचारलंय. ती घरून चार दुकानांचे आणि दोन लॉजचे हिशेब बघते. लॉजच्या बुकिंगचे मेसेजही तिच्याच फोनवर येतात आणि एप्रिल-मेमध्ये घरच्या आंब्याच्या ऑर्डरी वेगळ्याच. सकाळी नवाला बसते, संध्याकाळी सहाला उठते, मान धरलेली असते आणि एका दुकानाचा एक महिनासुद्धा पुरा झालेला नसतो. "ताई, फोन कपाटात ठेव असं सगळे सांगतात. पण माझं कामच फोनवर येतं. काय करू?"

वयानं तू माझ्या मुलीएवढी असशील, म्हणून अगंतुगं करते. रत्नागिरीत टिळक आळीत मी चोवीस वर्षं हेच काम करतेय. मिरकरवाड्यातले बोटवाले, राम आळीतली दुकानं, गणपतीपुळ्याकडचे दोन-तीन लॉजवाले, थोडे आंब्याचे व्यापारी. हाताखाली दोन मुली आहेत.

तो कपाटाचा सल्ला मी पाळून पाहिलाय. एका वीस तारखेला, म्हणजे जीएसटीचं ३बी हे महिन्याचं रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, फोन सायलेंट करून स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर ठेवून आले. तासभर काय सुरेख काम झालं म्हणून सांगू! मग रिटर्न पाठवायला घेतलं. ओटीपी गेला बोटवाल्याच्या फोनवर, त्यानं तो सांगायला मला तीनदा फोन केला, माझा फोन तांदळावर. ओटीपी मेला. मी दुसरा मागवला तोवर तो बर्फ भरायला जेट्टीवर गेलेला आणि फोन घरी बायकोकडे. रात्री साडेनऊला रिटर्न गेलं. तेव्हापासून फोन टेबलावर असतो.

तेव्हा तुझं म्हणणं बरोबर आहे. ज्यांचं काम एकीकडे आणि फोन दुसरीकडे असतो त्यांच्यासाठी तो सल्ला ठीक. आपली बिलं, आपले ओटीपी, आपले गिऱ्हाईक त्याच पाच इंचांतून येतात, आणि शिमग्याचे व्हिडिओ, मावशीचं सुप्रभात आणि शाळेचा ग्रुपही तिथूनच.

पण फोन टेबलावर ठेवण्याची किंमत काय पडते तेही सांगते, कारण ती सहसा दिसत नाही. काही वर्षांपूर्वी एका दुकानाचं बँक जुळवत होते. वहीतली शिल्लक आणि पासबुकातली शिल्लक यात बरोबर २,७०० रुपयांचा फरक. फरकाला ९ नं पूर्ण भाग जातो का हे आम्ही आधी बघतो. जात असेल तर कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय धरायचा. ४७ च्या जागी ७४ लिहिलं की फरक २७ पडतो, ६१ च्या जागी १६ लिहिलं की ४५. शेजारचे कुठलेही दोन आकडे उलटे पडले तरी फरक ९ च्या पटीतच येतो. शून्य कमीजास्त झालं तरी तसंच होतं, पण ते सापडायला सोपं. २,७०० ला ९ नं भाग जातो. म्हणून बिलं उपसायला बसले, आणि दुपारचा चहा निवल्यावर ते सापडलं. बिल ८,५२० चं, मी चढवलेलं ५,८२०.

त्या बिलाच्या कोपऱ्यात माझ्याच अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: "पुणे, ६ पेट्या, रविवारपर्यंत."

म्हणजे मी आठ वाचलं, पुढचा पाच वाचला, तेवढ्यात चुलतबहिणीचा मेसेज आला, हातात जो कागद होता त्यावर तिची ऑर्डर टिपली आणि परत येऊन आकडा संपवला. मेसेज वाचायला पाच सेकंद लागली असतील. चूक शोधायला अर्धा दिवस गेला. ते पाच सेकंद मला कधी आठवलेही नसते, पेन्सिलीची खूण नसती तर.

यावर अभ्यास झालेले आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या प्राध्यापक ग्लोरिया मार्क यांनी सहकाऱ्यांबरोबर २००८ मध्ये एक प्रयोग मांडला. त्यात गंमत अशी निघाली, की मध्येमध्ये अडवलेली माणसं काम उलट लवकर संपवत होती. गेलेला वेळ भरून काढायला ती हात उचलत होती. किंमत दुसरीकडून वसूल होत होती: वैताग जास्त, ताण जास्त, घाई जास्त. तुझी धरलेली मान ती हीच. त्या प्रयोगात कामाच्या दर्जात फरक दिसला नव्हता, हेही सांगायला हवं. पण तिथं लोक ईमेलना उत्तरं लिहीत होते. पत्रात एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर चालतं, पासबुकाला चालत नाही.

दुसरा प्रयोग फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांचा, २०१५ चा. पडद्यावर एकामागून एक आकडे येतात, ठरलेला एक आकडा सोडून बाकी प्रत्येकाला कळ दाबायची. काम करताना काहींच्या फोनवर कॉल किंवा मेसेज पाठवले. त्यांनी फोन हातात घेतला नाही, उत्तर दिलं नाही, तरी त्यांच्या चुका वाढल्या. "मी बघत नाही गं, नुसता वाजतो" असं माझ्या हाताखालची एक मुलगी म्हणायची, तिला मी हे सांगितलं. वाजला तिथंच काम झालं.

आता उपाय. आपल्याकडे शेताला गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, असतो आणि गडग्याला बेडं, म्हणजे आत-बाहेर करायची वाट. पावसात भात वर आलं की गुरं आत शिरू नयेत म्हणून काठी घेऊन रात्रभर कोणी बसत नाही. एकदा गडगा रचतात आणि माणसांना यायला-जायला बेडं ठेवतात. मोबाइलच्या बाबतीत मात्र आपण काठी घेऊन बसतो. मन घट्ट करायचं, बघायचं नाही, आजपासून नाही म्हणजे नाही. मीही बसले. दहा मिनिटं राखण होते, मग डुलकी लागते आणि गुरं आत.

म्हणून आधी एक कागद घे आणि काल फोन कशाकशासाठी उचललास ते आठवून लिही. तुझ्या बाबतीत चार ढीग पडतील असं मला वाटतं. ओटीपी. लॉजची चौकशी. गिऱ्हाइकांनी पाठवलेले बिलांचे फोटो आणि "मॅडम एक विचारायचं होतं". आणि बाकी सगळं जग.

ओटीपी अचानक येत नाही. तो आपण मागवतो, तेव्हाच येतो. त्याच्यासाठी दिवसभर कान देऊन बसायची गरज नाही, रिटर्न पाठवायच्या दहा मिनिटांत फोन उघडा असला की झालं. माझी तांदळाच्या डब्याची फजिती खरं तर एवढ्यावरच टळली असती. आणि गिऱ्हाइकाला आधी कळवायचं: अमुक वाजता ओटीपी येईल, फोन जवळ ठेवा.

बिलांच्या फोटोंना कधीच घाई नसते. आज सकाळी आलेला फोटो संध्याकाळी उतरवून घेतला म्हणून कुणाचं काही अडत नाही.

लॉजची चौकशी मात्र खरी घाईची. पुण्याहून निघालेलं कुटुंब पाच ठिकाणी विचारतं आणि जो आधी बोलतो त्याच्याकडे जातं. ती अडवायची नाही, तिच्यासाठीच बेडं ठेवायचं. आता तो नंबर आणि मावशीचा नंबर एकच असेल तर बेडं ठेवणार कुठे? लॉजसाठी वेगळं सिम घे आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाक. त्याच फोनमध्ये साधं व्हॉट्सॲप आणि बिझनेस अशी दोन्ही शेजारी चालतात. मग फोनच्या डू नॉट डिस्टर्बमध्ये जा. तिथं कुठल्या ॲपला सूट द्यायची ते ठरवता येतं. बिझनेसला सूट, साध्याला नाही. कॉलसाठी नवरा, आई, मुलांची शाळा अशी चार नावं तारांकित करून त्यांना सूट. आणि 'पुन्हा कॉल करणारे' असा एक पर्याय असतो तो चालू ठेव. अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांच्या आत त्याच माणसानं दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजतो, आयफोनवर ही मुदत तीन मिनिटांची आहे. कोणाचं खरंच काही अडलं असेल तर तो दुसऱ्यांदा करतोच. या एका पर्यायानं माझी "कोणाचं काही झालं तर?" ही धाकधूक गेली, आणि ती गेल्याशिवाय फोन पालथा ठेवून काही उपयोग नव्हता.

बिझनेसमध्ये ठरावीक उत्तरं साठवून ठेवता येतात. तिरकी रेघ आणि एक शब्द टाकला की अख्खं उत्तर उमटतं. खोल्या किती, दर काय, जेवण शाकाहारी की मासे, बीच किती लांब, गाडी लावायला जागा. हे पाच प्रश्न सोडून सहावा कोणी विचारत नाही. दिवसाला पंधरा वेळा तेच टाइप करत असशील तर तुझा एक तास तिथंच जातोय.

बाकी सगळं जग अर्काइव्हमध्ये टाक. अर्काइव्ह केलेला ग्रुप नवीन मेसेज आला तरी वर येत नाही, सेटिंगमध्ये ते चालू आहे ना तेवढं बघ. ग्रुप सोडू नकोस. गावात वाडीच्या ग्रुपमधून कोणी बाहेर पडल्याचं कळलं की काय काय अर्थ निघतात ते तुला मी सांगायला नको.

आणि लॅपटॉपवरचं व्हॉट्सॲप वेब. फोनचं सगळं केलं आणि हे उघडं ठेवलं तर गडगा रचून मागची बाजू मोकळी ठेवल्यासारखं. टॅबवर तो हिरवा ठिपका आणि आकडा चढत असतो आणि डोळा तिकडेच जातो. बिलं उतरवायच्या वेळी उघडायचं, उतरवली की लॉगआउट. पुन्हा आत जायला फोन काढून स्कॅन करावं लागतं, तेवढा कंटाळा आपल्या कामी येतो.

रील्स बघायला लागतेस का हे तू लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही. ॲपला कुलूप लावणारी ॲपं मी वापरली. कुलूप माझं, किल्लीही माझ्याकडेच. पंधरा दिवसांत संपलं. पडदा काळापांढरा करूनही पाहिला. त्यानं एवढंच झालं की बिलाच्या फोटोतला लाल शिक्का दिसेना.

आता वेळा. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २०१५ मध्ये १२४ जणांवर एक प्रयोग झाला. एक आठवडा ईमेल दिवसातून तीनदाच बघायची, एक आठवडा हवी तेवढी. तीनदा बघायच्या आठवड्यात लोकांचा ताण कमी होता. पुढे २०१९ च्या एका अभ्यासात फोनच्या सूचना एकत्र करून दिवसातून तीनदा दिल्या तेव्हाही लोकांना बरं वाटलं. पण ज्यांच्या सूचना पार बंद केल्या त्यांची चिंता वाढली. हे मला लगेच पटलं. मुंबईचे पाहुणे येतात आणि म्हणतात, तुमच्याकडे रेंज नाही, किती शांत वाटतं! त्यांना दोन दिवसांनी परत जायचं असतं. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे वीज आणि रेंज दोन्ही कितीतरी दिवस नव्हती. लोक फोन हातात धरून कातळाच्या सड्यावर उंच जागा शोधत होते. त्या दिवसांत कोणाचं चित्त एकाग्र झाल्याचं मी ऐकलेलं नाही. फोन तोडून शांतता येत नाही. तो अमुक वाजता उघडणार आहे हे ठाऊक असलं की येते.

माझ्या वेळा साडेअकरा, अडीच आणि साडेपाच. तुझ्या तू ठरव. पण त्या नुसत्या मनात ठेवायच्या नाहीत, लोकांना सांगायच्या. इथं बहुतेकजणी अडतात. गिऱ्हाईक रागावेल, दुसरीकडे जाईल. मलाही तीच भीती होती.

मिरकरवाड्यातला एक बोटवाला मला पहाटे पाचपासून व्हॉइस मेसेज पाठवायचा. बोट लागली की डिझेलची पावती, बर्फाची पावती, खलाशांचा ॲडव्हान्स, एकेकाचा वेगळा मेसेज, मागे इंजिनाचा आवाज. मीही चहा ठेवता ठेवता "हो दादा, मिळालं" म्हणत राहायची. एक दिवस धीर करून म्हटलं, "दादा, मी आता साडेअकराला बघणार सगळं एकदम. चालेल ना?" तर म्हणाला, "मॅडम, मला कुठं घाई होती? तुम्ही लगेच बोलता म्हणून मी पाठवत राहतो. नाय बोललात तर सगळं एका कागदावर लिहून फोटो काढीन." आणि आता तो खरंच एका कागदावर लिहून एक फोटो पाठवतो. मला तेवीस मेसेज ऐकायचे वाचले आणि त्यालाही रात्री हिशेब समोर दिसतो. सवय मीच लावली होती.

मेसेज कसा लिहायचा ते विचारशील म्हणून माझाच देते: "नमस्कार. आपलं बिल मिळालं की नोंद होईल. मी मेसेज साडेअकरा, अडीच आणि साडेपाचला बघते. तातडीचं असेल तर फोन करा, पहिला उचलला नाही तर लगेच दुसरा करा." त्यात 'क्षमस्व' घालू नकोस. घातलं की समोरचा समजतो आपण काहीतरी कमी देतोय.

एवढं सगळं करूनही कोणीतरी मध्ये येणारच. म्हणून मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे चिठ्ठी. माझ्या टेबलावर सासूबाईंचा जुना अडकित्ता आहे, त्याच्याखाली पाठकोऱ्या कागदांचे तुकडे असतात. फोन उचलायच्या आधी, मग तो कोणाचाही असो, एक ओळ लिहायची: "बँक, १४ जून, ८,५२० टिक केला, पुढचा चेक बघ." वाजू दे दोन रिंगा जास्त. परत आले की डोकं खाजवत "मी कुठं होते?" करायचं नाही, चिठ्ठी वाचायची आणि पुढचा चेक बघायचा. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये दाखवलं होतं, की एका कामावरून दुसऱ्यावर गेलो तरी मनाचा तुकडा मागच्या कामात अडकून राहतो, विशेषतः ते अर्धवट असेल तर. चिठ्ठीनं तो तुकडा कागदावर उतरतो असा माझा अनुभव. आकडा अर्धा असताना मात्र उठायचंच नाही. ओळ पुरी करायची, मग चिठ्ठी, मग फोन. ५,८२० नंतर हा नियम झाला.

दोघी मुलींना मी पहिल्या आठवड्यात हेच शिकवते. एकीनं विचारलं, संगणकात का नाही लिहायचं? संगणकात लिहायला गेलीस की टॅब दिसतो, म्हणून.

पंचवीस मिनिटांचं घड्याळ लावायची पद्धत तू ऐकली असशील. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसानं विद्यार्थी असताना स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून ती सुरू केली. नावडत्या कामाला बसायला बरी आहे. बँक जुळवायला पंचवीस मिनिटं अपुरी पडतात, रंग चढला की घंटा होते. मी पानावर काम मोजते. पासबुकाचं एक पान जुळलं की उठायचं.

घरून काम करतेस म्हणून आणखी एक. फोनवर बिलं बघत बसलीस की घरच्यांना तू मोबाइल बघतेयस असंच दिसतं. त्यात त्यांचा काय दोष? "मोबाइलवरच तर आहेस, जरा नारळ फोडून दे." फोटो लॅपटॉपवर उतरवून घे आणि पडवीत नको, आत टेबलखुर्चीवर बस. समोर वही उघडी असली की काम चाललेलं दिसतं. मासेवाली दारात आली तरी हाक दुसऱ्या कोणाला तरी जाते.

मे महिन्यात हे सगळं वेळापत्रक मोडणार. पेट्या भरायच्या, गाडी गाठायची, लॉज फुल्ल. तेव्हा पहाटे साडेपाच ते साडेसात एवढंच हिशेबाचं काम ठेव आणि बाकी दिवस त्या कामाचा म्हणून सोडून दे. अर्धं इकडे अर्धं तिकडे केलंस तर एक ना धड भाराभर चिंध्या. जमेल तर एप्रिलपासूनच तुझ्या छोट्या दुकानांना जीएसटीच्या तिमाही रिटर्नच्या योजनेत घाल. वार्षिक उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर ते घेता येतं. कर दरमहाच भरावा लागतो, पण विक्रीच्या रिटर्नची अकरा आणि ३बीची वीस या तारखांची धावपळ तिमाहीवर जाते, तीही तेरा आणि बावीसला. तारखा कमी झाल्या की फोनही कमी वाजतो.

आणि लॉजवाल्यांशी बोल. बुकिंगच्या चौकशांना उत्तरं देणं हे हिशेबाचं काम नाही, ते रिसेप्शनचं काम आहे, आणि ते तू फुकट करतेयस. दहा ते बारा या वेळात त्यांच्यापैकी कोणीतरी फोन सांभाळावा, नाहीतर त्याचे महिन्याचे पैसे वेगळे ठरवावेत. मी हे बोलायला सहा वर्षं लावली.